सोंडेतलं पीठ

मुलाकडे नागपूरला पीठ पुड्यातून येतं. मी गेलो की सवयीनं चिमूटभर पीठ अंगठा आणि बोटात चोळून पाहतो आणि सून हसते. "बाबा, अजून गिरणीवरच आहात का?" म्हणते. पीठ वाईट नसतं. बारीक असतं, स्वच्छ असतं. पण डबा संपत आला की मी तळाशी वाकून पाहतो, आणि का पाहतो ते तिला सांगत बसलो तर तव्यावरची भाकरी करपेल. म्हणून इथं लिहितो आहे.

मी गिरणीवाला. महागाव आणि आर्णीच्या मधल्या एका गावात माझी उमेदीची वर्षं गेली. गावाचं नाव लिहीत नाही, कारण तिथून मला अजून लग्नाची बोलावणी येतात आणि ती येत राहावीत अशी इच्छा आहे. मी मूळचा तांड्यावरचा. आमचा आजा बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूखभर हिंडायचा. मी इंजिनाचं काम शिकून गिरणीवर लागलो तेव्हा माझ्या याडीला, म्हणजे आईला, फार आनंद झाला. आजानं धान्य वाहिलं, नातू दळतो, घराणं धान्याला धरूनच आहे, असं ती तांडाभर सांगत सुटली.

गिरणी म्हणजे पत्र्याची एक खोली. तिच्यात काळं, तेलकट इंजिन आणि इंजिनापासून दगडापर्यंत गेलेला लांब पट्टा. धुराड्याच्या तोंडावर आम्ही एक डबा अडकवून ठेवायचो. त्यानं पुक पुक आवाज लांबवर जायचा आणि शेतातल्या बाईला कळायचं की गिरणी सुरू झाली. वर पत्र्याच्या तोंडात धान्य ओतायचं, ते दोन दगडांमध्ये भरडलं जायचं आणि पीठ कापडाच्या लांब नळीतून खाली डब्यात पडायचं. त्या नळीला आम्ही सोंड म्हणायचो. दगडाची धार गेली की छिन्नीनं ठोकून टाकी लावून घ्यायची. टाकीनंतरच्या पहिल्या पिठात कच येते, म्हणून ते दळण माझ्या पदरचं आणि पीठ पाटलाच्या म्हशीला. म्हशीनं कधी तक्रार केली नाही. बाकी सगळ्यांनी केली.

मुख्य तक्रार एकच, पीठ कमी भरलं. गिरणीवाला पीठ मारतो याबद्दल सगळ्या गावांचं एकमत असतं. खरी गोष्ट अशी की प्रत्येक दळणातलं थोडं पीठ दगडाच्या आत आणि सोंडेत अडकून राहतं. मागच्याचं अडकलेलं पीठ आधी तुमच्या डब्यात पडतं आणि तुमचं शेवटचं पीठ पुढच्याच्या डब्यात जातं. म्हणजे कमी कुणाचंच होत नाही, फक्त थोडं थोडं एकमेकांचं होतं. तरी बाया ऐकायच्या नाहीत. म्हणून दळण संपलं की मी सोंडेवर काठीनं टोले द्यायचो, म्हणजे ज्याचं त्याला मिळाल्याचं समाधान.

मी लागलो त्याच सुमाराला, छप्पन्नच्या दसऱ्यानंतर, गावाच्या कडेच्या वस्तीतली माणसं नागपूरहून दीक्षा घेऊन आली. मेलेली जनावरं ओढणं त्यांनी बंद केलं, सणावारी उरलंसुरलं मागून आणणं बंद केलं. गावानं त्यांना काम देणं बंद केलं. विहीर तर आधीपासून बंदच होती. काही वर्षं ओढाताण चालली आणि एका उन्हाळ्यात जवळजवळ सगळी वस्ती गाड्या भरून पैनगंगेपलीकडे, किनवटच्या बाजूला सोयऱ्यांकडे निघून गेली. गाड्या गिरणीवरूनच गेल्या. पुढे यशोदाबाई चालत होती. वस्तीतली मोठी बाई, उंच, नवरा मागेच वारलेला, आवाज असा की इंजिन चालू असलं तरी ऐकू यावा. त्या दिवशी मात्र ती एक अक्षर बोलली नाही. तिच्या डोक्यावर धुरानं काळवंडलेलं एक गाठोडं होतं. मला वाटलं, लुगडी असतील.

गावाला आधी सुटल्यासारखं वाटलं. मग सोंगणी आली. ज्वारी सोंगायला एकदम पुष्कळ हात लागतात. वेळेवर कापली नाही तर उभं पीक पाखरांचं. ते हात तर नदीपलीकडे गेलेले. कापसाचं तसं नाही. कापूस बाया सवडीनं वेचतात, तांड्यावरूनही येतात. तेव्हा शेतकऱ्यांनी ज्वारीचं रान हळूहळू कपाशीला दिलं. हातात पैसा खेळू लागला, सायकली आल्या, पाटलाच्या घरी रेडिओ आला. घरचं ज्वारीचं बी राखून ठेवायचं तेवढं लोक विसरले. मग पावसानं ओळीनं काही वर्षं डोळे वटारले, बाजारात ज्वारी दिसेनाशी झाली आणि रेशनच्या दुकानात अमेरिकेचं लाल धान्य, मिलो, आलं.

ज्यांनी मिलो खाल्ली त्यांना सांगायला नको. ज्यांनी नाही खाल्ली ते सुटले. ज्वारीच्या पिठाला विरी असते, मळलं की धरून राहतं, भाकरी थापता येते. मिलोला विरी नाही. हातावर भाकरी आणि तव्यावर तुकडे. बाया तो राग माझ्यावर काढायच्या. "मिस्त्री, दगड बदलला का गा? भाकर काहून फाटते?" मी म्हणायचो, दगड तोच आहे, देश बदलला. पाटलाचीही जमिनीतली धान्याची पेवं रिकामी, त्याच्याही डब्यात मिलोच. सगळं गाव माझ्या सोंडेतून लाल उतरायचं.

नेमकी त्याच साली वस्ती परत आली. पलीकडे मक्त्यानं केलेली जमीन मालकानं काढून घेतली होती. इथं घरांच्या नुसत्या भिंती उरल्या होत्या, पण जागा त्यांच्या होत्या. गावात एकच ओरड झाली. "आपल्यालेच पुरून नाही राह्यलं, हे कायले आले?" रेशन मोजकं, त्यात एवढी तोंडं वाढली. गाड्यांवर ज्वारीची पोती होती, पलीकडे त्यांनी स्वतः पिकवलेली. ती पाहून ओरड थांबली नाही, नुसती बदलली. "पोते सरले की मंग काय खातीन?"

आणि मग गिरणीचा प्रश्न आला. दगडात पीठ अडकतं हे बाया माझ्याशी भांडून भांडून शिकल्याच होत्या. वस्तीचं दळण झाल्यावर आपला डबा लागला तर त्यांचं पीठ आपल्या घरात येणार, हे त्यांनी लगेच ओळखलं. माझं शिक्षण असं उलटलं. बाया पाटलाकडे गेल्या आणि पाटील माझ्याकडे आला. गिरणीचा मालक आर्णीचा व्यापारी असला तरी जागा पाटलाची होती.

"मिस्त्री, त्याइचं दळन बंद नको करू," तो म्हणाला. "ते बरं नाही दिसत. पन सगळ्यात शेवटी घेजो. गावाचं आटपल्यावर. अन काही कटकट झाली, त मंग बंदच."

त्या "मंग बंदच"चा अर्थ वस्तीला बरोबर कळत होता. जात्यावर दळायचं तर बाईची सकाळ त्यातच जाते, आणि उशिरा आलेल्या बाईला कुणी कामाला लावत नाही. काम नाही तर पोती सरल्यावर खायचं काय? गिरणी तुटली असती तर वस्तीला पुन्हा गाड्या जुंपाव्या लागल्या असत्या, आणि या वेळी जायला ठिकाणही नव्हतं. मी निरोप सांगितला तेव्हा मला वाटलं, यशोदाबाई आता माझे पत्रे हलवणार. ती एवढंच म्हणाली, "शेवटी त शेवटी. नंबर हाय ना?"

रोज संध्याकाळी गावाचे डबे गेले की वस्तीच्या बाया यायच्या. त्यांच्यातही यशोदाबाई सगळ्यांना पुढे घालायची आणि स्वतः अगदी शेवटी उभी राहायची. तिची ज्वारी टपोरी, पांढरीशुभ्र. दिवसभर लाल धुरळा खाल्ल्यावर ते पीठ सोंडेतून उतरताना पाहिलं की मला बरं वाटायचं. दळण संपलं की मी काठी उचलायचो. "राहू दे मिस्त्री, झटकू नको," ती म्हणायची आणि डबा उचलून चालू लागायची. अंधाराच्या आत घरी पोचायचं असेल, असं मी धरून चाललो.

आता गावाची चूक चाणाक्ष वाचकांच्या लक्षात आली असेल. माझ्या लक्षात ती दुसऱ्या दिवशी सकाळी आली. सकाळचा पहिला डबा पाटलाच्या घरचा, हा मान गिरणी उभी राहिली तेव्हापासूनचा. पाटलाच्या गड्यानं डबा लावला, मी मिलो ओतली, पट्टा चढवला आणि सोंडेतून आधी उतरलं ते पांढरं पीठ. डब्याचा तळ झाकला गेला. मग त्यावर लाल पीठ पडू लागलं. मी गड्याकडे पाहिलं. तो दाराशी बिडी ओढत होता. शेवटचा डबा आणि पहिला डबा यांच्यामध्ये अख्खी रात्र आहे, एवढंच गावानं पाहिलं होतं. दगडाला रात्र कळत नाही.

मी तोंड उघडलं नाही. उघडलं असतं तर वस्तीची गिरणी त्याच दिवशी बंद झाली असती. आणि खरं सांगायचं तर मला गंमत वाटत होती. गावात सगळ्यात जास्त सोवळं ज्या घरात, त्या घरच्या डब्याच्या तळाशी रोज यशोदाबाई जाऊन बसत होती. ही गंमत त्या गावात मला एकट्यालाच ठाऊक आहे याचा तोराही होता. दुपारी पट्ट्याला राळ लावता लावता मी आपल्याशीच हसायचो.

पावसाळा तोंडावर आला होता तेव्हाची गोष्ट. भर दुपारी पाटलाची आई गिरणीवर आली. तिला सगळं गाव मोठी माय म्हणायचं. कमरेत वाकलेली, पण नजर सुईत दोरा ओवणारी. ती कधी गिरणीवर येत नसे. तिनं पदराच्या दोन टोकांच्या गाठी सोडल्या आणि माझ्यासमोर धरल्या. एकात लाल पीठ, दुसऱ्यात पांढरं.

"मिस्त्री, हे वरचं. हे तळचं. एकाच डब्यातलं दोन रंगाचं काहून?"

खोटं बोलायचं तर पीठ समोर होतं. "दगडात राहिलेलं असते माय," मी म्हणालो. "आधीच्या दळनाचं."

"माह्या डबा त पयला असते. त्याच्या आधी कोन असते?"

तिनं चिमूटभर पांढरं पीठ जिभेवर ठेवलं आणि डोळे मिटले. मग म्हणाली, "ही आपल्या गावची जवारी हाय. मी लग्न होऊन आलो तवा हीच भाकर थापली. हे बी त सरलं होतं." तिनं दोन्ही गाठी बांधल्या आणि निघून गेली.

त्या संध्याकाळी यशोदाबाईला मी काही सांगू शकलो नाही. सकाळी गिरणी उघडली. पाटलाचा डबा आला नाही. त्याच्याआधी कुणी डबा लावेना. बाया गिरणीच्या ओटीवर बसून राहिल्या, उन्हं चढली, शेवटी एकीनं धीर करून लावला. मी समजलो, आता बंदचा निरोप येणार. दिवसभर रस्त्याकडे पाहताना मला त्या गाड्याच दिसत होत्या.

संध्याकाळी वस्तीच्या बाया आल्या. मी यशोदाबाईची ज्वारी वर ओतत होतो, तेवढ्यात गड्याच्या डोक्यावर डबा देऊन मोठी माय आली आणि ओटीवर बसली. वस्तीच्या बाया उठून बाजूला झाल्या.

"बसा व. मी कोनाच्या पुढं घुसून नाही राह्यलो," ती म्हणाली. "मिस्त्री, माह्या डबा यशोदीच्या मागं लावजो."

तेवढ्यात पाटील धावत आला. कुणीतरी बातमी पोचवली होती. "माय, हे काय करून राह्यली तू? लोक काय म्हनतीन?"

"लोकाइले काय म्हनाचं ते लाल भाकर खाऊन म्हनू दे. तू किती दिसाचं हिचं पीठ खाऊन राह्यला. बाटला का? तुह्या जिभेले समजलं बी नाही. मले समजलं."

पाटलानं माझ्याकडे पाहिलं. मी पट्ट्याकडे पाहिलं. इंजिन चालू होतं म्हणून बरं, नाहीतर मी तिथंच हसलो असतो किंवा रडलो असतो.

मोठी माय मग यशोदाबाईकडे वळली. "बी कुठलं व हे?"

"इथलंच. जातानी डोक्यावर नेलतं. तिकडं चुलीवर टांगून ठुलं, दर साली पेरलं."

तेव्हा मला ते काळवंडलेलं गाठोडं आठवलं. गावानं हाकलल्यावर ती बाई गावाचं बी डोक्यावर घेऊन गेली होती आणि ते घेऊनच परत आली होती. माझ्या आजानं जन्मभर बैलांवर वाहिलं त्याहून ते ओझं मोठं होतं.

"देशीन का थोडं?" मोठी माय म्हणाली. पाटलाच्या घरातून वस्तीकडे काही मागितलं गेलेलं मी आयुष्यात प्रथम ऐकलं.

यशोदाबाईनं सोंडेखालचा भरलेला डबा ओढून बाजूला घेतला. "देतो माय. काहून नाही देनार? पन बी पान्यावाचून उगवते का?"

मोठी माय पावसाबद्दल बोलली नाही. ती विहिरीच्या दिशेनं पाहत राहिली. पाटीलही तिकडेच पाहू लागला.

विहिरीचं त्या साली झालं नाही. तसं लिहिलं असतं तर गोष्ट छान संपली असती, पण मी तिथं होतो. दुसऱ्या पावसाळ्याच्या आधी विहिरीची एक बाजू वस्तीला मोकळी झाली, तीही धुसफुशीनंच. पण बी त्याच मृगात गावभर गेलं. यशोदाबाईच्या दारात पायलीला पायली लावून लोक उभे राहिले आणि कुणाच्या बियाला कुणाचा हात लागला ते कुणी पाहिलं नाही. कडेकडेनं का होईना, ज्वारी पुन्हा उभी राहिली. सोंगणीला वस्तीचे हात आले, रोखीनं, आपला दर सांगून. गुरांना कडबा झाला. मिलो कोठीत पडून किडली तरी कुणाला दुःख झालं नाही. वस्तीनं पुन्हा गाड्या जुंपल्या नाहीत.

गिरणीवर मात्र वेगळंच भांडण सुरू झालं होतं. नवी ज्वारी निघेपर्यंत जी ती बाई यशोदाबाईच्या मागचा नंबर मागायची. "काल तुह्या होता, आज माह्या." ज्यांनी पाटलाकडे तक्रार नेली होती त्याच सगळ्यात पुढे, म्हणजे सगळ्यात मागे. नंबर लावता लावता मी मेटाकुटीला यायचो. आज वाटतं, तसं भांडण पुन्हा ऐकायला मिळालं तर मी पुन्हा पट्टा चढवीन. एक हळहळ राहून गेली. मोठी माय यशोदाबाईच्या मागं उभी राहिली, पण तिच्या घरी बसून भाकरी खायचं तेवढं राहिलं. ती गेली तेव्हा वस्तीतून पाटलाच्या घरी पिठाचा डबा गेला. पाटलानं तो ठेवून घेतला.

गावात वीज आली, दुसरी गिरणी आली आणि मी तांड्याकडे शेती पाहायला परतायचं ठरवलं. माझ्या शेवटच्या संध्याकाळी शेवटचं दळण यशोदाबाईचंच होतं. आता तसा नियम उरला नव्हता, तिला ती सवय झाली होती. मी तिला माझी जुनी गंमत सांगितली. पाटलाचा पहिला डबा, तळाचं पांढरं पीठ, आणि मी कसा गप्प राहिलो ते. मला वाटलं, ती चकित होईल.

ती हसली. "मंग तुले काय वाटलं, मी तुले झटकू काहून देत नवतो?"

मी वळून सोंडेकडे पाहिलं.

"विहिरीत जाऊ देत नवते," ती म्हणाली. "पंगतीत घेत नवते. म्हनलं, यशोदे, पिठात त जाऊ."

इतकी वर्षं ज्या शहाणपणाचा मी तोरा मिरवला, तो माझा नव्हताच. दळण संपलं. मी सवयीनं काठी उचलली. यशोदाबाईनं माझ्याकडे पाहिलं. मी काठी कोपऱ्यात ठेवून दिली आणि इंजिन बंद केलं. ती डबा घेऊन गेली, मी कुलूप लावून किल्ली पाटलाच्या घरी दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला डबा कुणी लावला, ते मला माहीत नाही.